मथुरामायनं भरलेली पिशवी

कातळवाडी नावाच्या डोंगरातल्या गावात मथुरामाय ही सुईण होती. वय सत्तरीला टेकलेलं, अंगानं काटकुळी, पण हात मऊ आणि शहाणे. गावातली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातांवर या जगात आली होती. ती रस्त्यानं निघाली की चांगले मिशा पिकलेले बाप्येही वाकून तिच्या पाया पडत. त्या मानाचं मथुरामायला सुख वाटे आणि ते ती लपवतही नसे.

गावातल्या इंदुबाईची लेक वैजयंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वैजयंता मथुरामायच्याच हातची. तेव्हा तिला मोकळी करणार तीही मथुरामायच, हे साऱ्या गावानं धरूनच ठेवलं होतं.

नववा महिना निम्मा सरला तशी मथुरामाय तिला बघायला आली. तिनं हात धुतले, पोटावर हलकेच ठेवले आणि डोळे मिटले. बाळाचं डोकं खाली नव्हतं. बाळ आडवं होतं.

"आठ दिवसांनी परत बघते," एवढंच बोलून ती गेली.

आठ दिवसांनीही बाळ आडवंच.

"मग चोळून फिरव की," इंदुबाई म्हणाली. "तुझ्या हाताला यश आहे, माय."

मथुरामायचे हात पोटावरच राहिले. फिरवून बघावं, असं तिलाही वाटलं. फिरलं तर गावानं डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. नाही फिरलं, तरी तिला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती.

तिनं हात काढून घेतले.

"इंदू, हे माझं काम नाही. पोरीचं बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात करायचं. ऑपरेशन लागेल."

इंदुबाईचा कानांवर विश्वास बसेना. "तू असं म्हणतेस? गाव काय म्हणेल?"

"म्हणेल, म्हातारीचे हात थकले. म्हणू दे." मथुरामाय खाली बसली. मग आजवर जे कोणालाही सांगितलं नव्हतं, ते तिनं सांगितलं. "तीस वर्षांमागं असंच एक आडवं मूल मी फिरवायला गेले. दवाखान्यात न्या म्हणायची मला लाज वाटली. मूल गेलं. लोक म्हणाले, देवाची मर्जी. देवाची नव्हती, इंदू. माझा ताठा होता तो."

वैजयंतानं हात पुढे करून म्हातारीचा हात धरला.

"आता रडारड नको," मथुरामाय म्हणाली. "पिशवी भरायला घ्या. कळा काही आपल्याला विचारून येत नाहीत."

इंदुबाई पुन्हा अडली. "बाळ यायच्या आधी त्याची कापडं काढू नयेत म्हणतात. दृष्ट लागते."

"दृष्ट लागली तर मी काढीन. पण ऐन वेळी फडकं हाताशी नसलं, तर ते कुठून काढू?"

इंदुबाईला हसू आलं, आणि तिनं पेटी उघडली.

मग मथुरामायनं स्वतः पिशवी भरली. आपली जुनी सुती लुगडी फाडून, उकळून, कडक उन्हात वाळवून तिनं दुपटी केली. झबली, टोपडी, लंगोट घडी घालून एका बाजूला ठेवले. वैजयंताला पुढून बटणं असलेले दोन गाऊन, जुन्या कापडाच्या जाड घड्या, टॉवेल, साबण. इंदुबाईला तिथं किती वेळ थांबावं लागेल कोण जाणे, म्हणून दशम्या आणि चटणी निघायच्या दिवशी करून वर ठेवायची, असंही बजावलं. मथुरामायला वाचता येत नव्हतं. वैजयंतानं एकेक कागद मोठ्यानं वाचून दाखवला: तपासणीचं कार्ड, सोनोग्राफीचा कागद, आधार कार्ड, रक्तगटाची चिठ्ठी. ते सारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून मथुरामायनं अगदी वर ठेवले.

"रक्त लागलं तर?" तिनं स्वतःलाच विचारलं, आणि ती उठली.

भर दुपारी ती गावात दारोदार फिरली. "तुझा रक्तगट कोणता रे बाबा?" असं विचारत. बायका पदराआड कुजबुजल्या, "हिला आता बाळंतपण झेपत नाही वाटतं." मथुरामायनं ऐकलं. क्षणभर पाय अडखळला. मग ती पुढच्या दाराकडे वळली. शेवटी जीप चालवणाऱ्या यशवंताचा रक्तगट जुळला.

"पंधरा दिवस गाव सोडायचं नाही," तिनं त्याला दम भरला. "गाडीत डिझेल भरलेलं असू दे. आणि पोटभर जेवत जा. तुझं रक्त लागेल."

पाचव्या दिवशीच, सकाळी भाजी निवडता निवडता वैजयंताला कळ आली. कार्डावर लिहिलेल्या बाळंतपणाच्या तारखेला अजून आठवडा होता. इंदुबाई कावरीबावरी झाली. पण शोधायचं काहीच नव्हतं. पिशवी उचलली, यशवंताची जीप दारात आली, मथुरामायही सोबत चढली आणि जीप घाट उतरू लागली.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "कार्ड?" कार्ड हातात आलं. "रक्तगट?" चिठ्ठी हातात आली. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि वैजयंताला लगेच आत घेतलं. थोड्या वेळात रक्त हवं असा निरोप आला. यशवंता बाही दुमडूनच उभा होता.

मथुरामाय बाहेर बाकावर बसली. बाळंतिणीच्या दाराबाहेर बसायची तिची ही पहिलीच वेळ. हातांना काही काम नव्हतं. बाहेर बसणाऱ्यांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग रडणं ऐकू आलं. बारीक, पण खणखणीत.

मुलगी झाली होती. मायलेकी सुखरूप होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आडवं आहे हे ओळखून वेळेत कोणी पाठवलं?"

"आमच्या मायनं," इंदुबाई म्हणाली, आणि तिथंच तिला हुंदका फुटला.

बारशाला सारं गाव जमलं. मथुरामाय मागं, भिंतीला टेकून बसली. सुईणीचा मान आज आपला नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. इंदुबाईनं मात्र तिला हाताला धरून पाळण्यापाशी आणलं, बाळ तिच्या ओटीत ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही म्हणायचं धाडस हिनं केलं, म्हणून हा पाळणा हलतोय."

पदराआड कुजबुजणाऱ्या बायका तिथंच होत्या. त्यांतलीच एक दुसऱ्या दिवशी आपल्या सातव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन मथुरामायच्या दारी आली.

"माय, हिचं पोट बघ," ती म्हणाली. "आणि तू सांगशील तिथं नेऊ. पिशवीत काय काय भरायचं, तेवढं मात्र आत्ताच सांग."

मथुरामाय हसली आणि हात धुवायला उठली.

तात्पर्य: आपलं कसब कुठं संपतं हे ज्याला ओळखता येतं आणि चारचौघांत कबूल करता येतं, त्याच्याच हाती माणसानं निर्धास्तपणे जीव सोपवावा.