गवंडिणीने फोडलेल्या विटा

काळ्या मातीच्या मुलखात एक गाव होतं आणि त्या गावात एक गवंडीण राहायची. तिथली माती पिकाला सोन्यासारखी, पण भिंतीला भारी खोडकर. पावसात फुगायची, उन्हाळ्यात भेगाळायची. गावकरी काय करत? त्याच मातीचा चिखल कालवून भेगा लिंपत आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिंपत बसत!

एका पावसाळ्यात गावच्या कोठाराची भिंत बसली आणि रब्बीचं सगळं बियाणं कुजलं. त्या साली शेजारच्या गावांकडून मागून पेरणी झाली.

"पुन्हा असं झालं तर मागायला तोंड नाही," पाटील म्हणाले. "लांबून तांबडी माती आणू या का?"

"इतकी माती ओढायला बैल कुठून आणणार, पाटील?" गवंडीण म्हणाली. "आपलीच घेते. तिला थोडी वाळू, थोडा चुना द्या अन् चार दिवस मुरू द्या."

लोक हसले. तिने मात्र माती कुटली, चाळली, चुना-वाळू कालवून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली. मग विटा पाडून महिनाभर सावलीत वाळवल्या. नुसत्या काळ्या मातीची एक वीट आणि आपली एक वीट तिने पाण्यात टाकली. पहिलीचा चिखल झाला. दुसरी होती तशीच राहिली! हसणारेच पुढे होऊन ती वीट हातात घेऊन पाहू लागले.

आभाळ भरून येऊ लागलं. भिंत रचण्याआधी तिने प्रत्येक थप्पीतली एकेक वीट पुन्हा भिजवून पाहिली. शेवटच्या थप्पीतली वीट कडेला फुगली.

"राहू दे बाई," पाटील म्हणाले. "वरच्या थरात लाव. कुणाला दिसतंय?"

"मला दिसलं ना! घाईत चुना कमी टाकला मीच," असं म्हणून तिने कुदळ घेतली आणि सगळी थप्पी फोडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अशी माणसं थोडी असतात हो, म्हणून तर त्यांची गोष्ट सांगायची.

ते पाहून पाटील धोतर खोचून माती तुडवायला उतरले. मग अख्खं गाव उतरलं. नव्या विटा वाळत असताना सर आली, तेव्हा लोकांनी घरची घोंगडी आणून विटांवर पांघरली. कोठार पुरं झालं, बियाणं आत गेलं आणि मग चार महिने पावसाने झोडपलं.

पाऊस सरल्यावर दार उघडलं. हरभरा खडखडीत कोरडा होता.

पेरणीची पहिली मूठ सोडायचा मान पिढ्यान्‌पिढ्या पाटलांच्या घरचा. त्या वर्षी पाटलांनी ती मूठ गवंडिणीच्या ओंजळीत ठेवली.

तात्पर्य: आपल्या कामातली खोट जो स्वतःच शोधतो आणि स्वतःच मोडून काढतो, त्याच्या हातच्या कामावर गाव निर्धास्त विसंबतं.