नारबानं थोरलीला जागं केलं

गेल्या श्रावणात मी एक व्रत धरलं होतं. पोथीतलं नव्हे, माझं मीच नेमलेलं. सासूबाईंनी फोनवरचा फोटो मोठा कसा करायचा ते तिसऱ्यांदा विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढंही कळत नाही का हो?" त्या फोन बाजूला ठेवून वाती वळत बसल्या. संध्याकाळी दिवा लावताना मला देवापुढं मान वर करवेना. तेव्हाच ठरवलं, चार शुक्रवार हे वाक्य उच्चारायचं नाही, आणि विचारणाऱ्याला पुरतं सांगायचं, अर्धं नाही. उद्यापनाला पाच सवाष्णी बोलावल्या. जेवणं झाल्यावर त्यांना जी कहाणी सांगितली, ती ही. हसायला माझी हरकत नाही. नारबाचीही नव्हती.

एका गावात एक भोळा पाणीवाला होता. नाव नारबा. गावाला सात आळ्या, सात आळ्यांना सात व्हॉल्व्ह. नारबा रोज सकाळी पान्यानं ते उघडायचा आणि तासाभरानं बंद करायचा. सांगितलेलं काम चोख. न सांगितलेलं काम त्याहून चोख, आणि तिथंच घोटाळा व्हायचा.

त्याची बायको सिंधू. तिचा भाऊ अविनाश जर्मनीत. त्याला बारा वर्षांनी मुलगी झाली. बारसं रविवारी, आपल्याकडच्या दुपारी चारला. आता बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या दोन. थोरली काशीआक्का, तिनं चुलत-मावस धरून आठ भाचरांची नावं ठेवलेली. ती म्हणाली, "या खेपेला सिंधूनं ठेवायचं. तिच्या घरात पाळणा हलला नाही, एकदा तरी तिच्या तोंडून नाव जाऊ दे." सिंधूनं नाव ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. नारबालाही नाही. नारबाला तर नाहीच.

नाव जाणार कशातून? अविनाशनं मागं ठेवलेल्या लॅपटॉपमधून. सोमवारी सिंधूनं ब्राउझरवरून कॉल लावून पाहिला. अविनाशचा चेहरा तोंड उघडून थांबला. सिंधू म्हणाली, "कु..." तिकडं 'र्रर्र' पोचलं तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता.

सिंधू रडवेली झाली. "अहो, असं तुटक नाव गेलं तर पोरीला काय कळणार?"

नारबानं तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या मंजिरी मॅडमना फोन लावला. मॅडम घाईत होत्या. म्हणाल्या, "काका, एका वेळी किती टॅब उघडून ठेवलेत? सगळे ताकद खातात. जे आत्ता वापरात नाही ते बंद करा." आणि फोन ठेवला.

नारबानं एकतीस टॅब मोजून बंद केले. ब्राउझर जरा हलला. नारबा खूष. धडा पक्का केला.

मंगळवारी सकाळी तो व्हॉल्व्हवर गेला. मारुती आळीत पाहिलं, नळाला घागर नाही. बाई भरलेली घागर घरात ओतायला गेलेली. वापरात नाही. बंद. तेली आळीत पाहिलं, तिथंही तेच. बंद. साडेसातला साती आळ्या कोरड्या.

बायका गोळा झाल्या. "नारबा भावजी, पाणी कुठाय?"

"वापरात नव्हतं, वहिनी."

"म्हणजे?"

"सगळे ताकद खातात."

सरपंच म्हणाले, "अरे शहाण्या, पाणी सगळ्यांना सारखं सोडायचं! सगळं उघडं ठेवायचं, कुणाला बंद नाही!"

"असं आधी सांगायचं," नारबा म्हणाला. घरी येऊन त्यानं लॅपटॉप उघडला आणि एकतीसच्या एकतीस टॅब पुन्हा उघडले. कुणाला बंद नाही. ब्राउझर जागच्या जागी बसला.

बुधवारी पुन्हा मॅडमना फोन. मॅडम अजून घाईत. "काका, टॅब बंद करा, आणि आत जुनं साठलंय ना, ते सगळं काढून टाका. मग पुन्हा चालू करा."

नारबाला पटलं. पण हातातलं काम आधी, म्हणून तो टाकीवर गेला. शिडी चढून झाकण उघडलं. आत काल रात्रीपासूनचं पाणी. जुनं. साठलेलं. त्यानं खालची तोटी मोकळी केली. चाळीस हजार लिटर पाणी गणपाच्या उसात गेलं. ऊस खूष, गाव तहानलेलं. मग नारबानं मोटार चालू करायला हात घातला, तर वीज गेलेली.

सरपंचांनी कपाळाला हात लावला. "नारबा, साठवलेलं कधी टाकायचं नाही! घाण वाटली तर तुरटी फिरवायची!"

"असं आधी सांगायचं."

सिंधू देवपूजा आटपून बाहेर आली, तर नारबा लॅपटॉपच्या पडद्यावर तुरटी फिरवत होता. डावीकडून उजवीकडे, मन लावून.

"अहो! हे काय?"

"गाळ खाली बसेल."

सिंधूनं तुरटी काढून घेतली. देवाकडं पाहिलं. मग स्वतः मॅडमना फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या भाचीचं नाव अडकलंय. एकदा येऊन जाल का?"

मंजिरी मॅडम शनिवारी स्कूटरवरून आल्या. या खेपेला घाई नव्हती. चहा घेतला, लॅपटॉप मांडीवर घेतला, इकडंतिकडं पाहिलं आणि हसल्या.

"काका, रोग सापडला. यात चित्र दाखवणाऱ्या चिपा दोन आहेत. एक धाकटी, एक थोरली. धाकटी गरीब. किरकोळ कामं करते, बॅटरी वाचवते. थोरली दांडगी. पण तुमचा ब्राउझर सगळा भार धाकटीवर टाकतोय, आणि थोरली आत नुसती झोपून आहे."

"अरेरे," नारबा म्हणाला. त्याला धाकटीची दया आली.

मॅडमनी सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले उघडला, त्यात ग्राफिक्स, त्यात ब्राउझरचं नाव शोधलं आणि त्यापुढं 'जास्त ताकद' निवडलं. चार्जर लावला. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. कॉल लावला. आणि काय सांगू! जर्मनीतलं बाळ शिंकलं, ते इथं शिंकतानाच दिसलं. सिंधूनं पदर डोळ्यांना लावला.

निघताना नारबानं विचारलं, "मॅडम, उद्या अडलं तर काय करू?"

"काही नाही करायचं. लक्षात एवढंच ठेवा. जड काम धाकटीला झेपत नाही, ते थोरलीकडं द्यायचं. थोरली वीज जास्त खाते, तेव्हा चार्जर लावलेला असू दे. कामाला लागली की ती तापते, घोंघावते. घाबरायचं नाही. वारा लागू द्यायचा."

नारबानं चार वेळा घोकलं.

रविवार उजाडला. काशीआक्का सकाळीच आली. दोन पुरणपोळ्या जेवली आणि आतल्या खोलीत घोरू लागली. अंगणात घुगऱ्यांची पातेली. आळीतल्या बायका सतरंजीवर. चारला कॉल लागला. पलीकडं पाळणा, पाळण्यात बाळ, बाळाच्या कानाशी अविनाशनं छोटा स्पीकर धरलेला. सगळं लोण्यासारखं चाललेलं.

सिंधू नवी साडी नेसून समोर बसली. वाकली. "कु..." म्हणाली, आणि तिचा गळा भरून आला. पुढं शब्द फुटेना. "कु... कु..."

नारबानं मान ताठ केली. अडकलं! त्यानं पाहिलं. काम जड. भार सगळा धाकटीवर. आणि थोरली? थोरली आत नुसती झोपून आहे!

तो धावला. "आक्का, उठा! तुमच्याशिवाय चालत नाही!"

"आग लागली का रे?" काशीआक्का दचकून उठली. नारबानं तिला धरून आणलं, सिंधूला बाजूला केलं, आक्काला लॅपटॉपसमोर बसवलं. वीज जास्त खाते, म्हणून एक लाडू तिच्या तोंडात कोंबला. आक्का गुदमरली. लाल झाली. घशातून घुर्रघुर्र आवाज येऊ लागला.

"तापली," नारबा समाधानानं बायकांना म्हणाला. "घोंघावतेय. घाबरायचं नाही." आणि तो सुपानं वारा घालू लागला.

पलीकडून अविनाश म्हणतोय, "आक्का? तू कशी? चल, बाळाच्या कानात बोल, मुहूर्त चाललाय!"

आक्काचा लाडू एकदाचा खाली उतरला. समोर कोण आहे, कशासाठी आहे, तिनं काही पाहिलं नाही. सगळा जीव एकवटून ती ओरडली, "नारबाऽऽ!"

चिप दांडगी. आवाज जराही अडकला नाही. थेट बाळाच्या कानात. आणि आळीतल्या बायकांचे हात सवयीनं उठले. आत्यानं नाव घेतलं की पाठीत बुक्के घालायचे, ही रीत. त्यांनी आक्काच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. नाव पक्कं झालं.



"आक्का," अविनाश म्हणाला, "मुलगी आहे गं."

सगळ्यांत आधी सिंधू हसली. इतकी हसली की गळ्यात अडकलेलं सगळं मोकळं झालं. तिनं आक्काला हळूच सरकवलं, वाकली, "कुर्रर्र" म्हणाली आणि नदीवरून ठरवलेलं नाव सांगितलं, "वेण्णा." अक्षर न् अक्षर सलग गेलं. बाळानं आवाजाकडं मान वळवली. ती मान वळलेली सिंधूनं आपल्या डोळ्यांनी पाहिली.

आता त्या पोरीचं कागदावरचं नाव वेण्णा आहे. पाळण्यातलं नाव मात्र नारबाच. मोडणार कोण? बुक्के पडले होते.

आणि नारबा? तो सूप खाली ठेवून मॅडमना फोन करत होता. "मॅडम, तुमचं खरं! धाकटी अडकली होती. थोरलीकडं दिलं आणि एका हाकेत झालं!"

बायांनो, एवढं ऐकलंत, आता माझं एक मागणं. घरी कुणी तिसऱ्यांदा विचारलं तर चौथ्यांदा सांगा. आणि पुरतं सांगा. मंजिरी मॅडमनी शनिवारी सांगितलं तसं. आणि जमलं तर एक वाक्य जास्त, की हे फक्त लॅपटॉपचं, माणसांचं नव्हे. सिंधूचं अडलेलं सुटलं, तसं तुमचं सुटो. चार शुक्रवार करून पाहा. माझ्या सासूबाई आता फोटो मोठा करतात, आणि मलाच दाखवतात.