आईच्या नावाचा वेढा

फार पूर्वी बर्फाच्या डोंगराखाली एक गाव होतं. तिथल्या नदीचं पाणी एवढं गार, की भर उन्हात पाय घातला तरी दात वाजायचे. त्या पाण्यात ठिपकेवाले ट्राउट मासे राहत आणि गाव त्यांच्यावर जगे.

गळाला गांडूळ लावायची तिथे पद्धत नव्हती. गळाच्या दांडीवर रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यावर तित्तराच्या मऊ पिसाचा एक वेढा द्यायचा, की झाली खोटी माशी तयार. पाण्यात पिसाचे तंतू असे हलायचे, जणू माशी श्वास घेतेय. मासा फसायचाच.

त्या गावात एक मुलगी होती. तिची आई डोहाकाठच्या सपाट खडकावर बसून माश्या बांधायची. दातात दोरा धरूनच बोलायची, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं कळायचंच नाही. पीस ओठांनी ओलं करायचं, एक वेढा, गाठ, बास.

लेक म्हणायची, "आणखी एक वेढा दे ना गं! कशी बोडकी दिसतेय."

आई दोऱ्याआडून हसायची. "तुझ्यासाठी कुठे बांधलीय? माशासाठी बांधलीय."

मग एका हिवाळ्यात आई गेली. खडक तिथेच राहिला.

पुढे गावचा म्होरक्या वारला. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, त्याच्या नावाने प्रत्येक माशीवर एक जादा वेढा द्यायचा. दुसरा म्हातारा वारला, आणखी एक वेढा. तिसऱ्याच्या तेराव्याला आणखी एक. आईच्या नावाने मात्र कुणी वेढा दिला नाही. बायकांच्या नावाने वेढे नसत.

बघता बघता माशीचा कुंचा झाला. मासे फिरकेनात. माशीकडे नीट बघावं, असं एकाही म्हाताऱ्याला वाटलं नाही. ते म्हणाले, "हल्लीच्या पोरांच्या हातात श्रद्धाच नाही." त्यांना मेलेल्यांचा मान राखायचा होता, जिवंतांच्या ताटाचं कुणाला पडलंय! म्हातारे पोरांना माशी बांधायला शिकवायला बसत; मुलगी त्या शिकवणीतून केव्हाच उठून गेली होती, म्हणून तर तिच्यावर जास्तच राग.

नदीत प्रत्येक घराचा आपला एक डोह होता, आणि गावचा एक नियम होता. बर्फ वितळल्यावर पहिल्या दिवशी ज्याला आपल्या डोहात मासा लागणार नाही, त्याचा डोह वडीलधाऱ्यांकडे जमा. वडीलधाऱ्यांना स्वतःला हा नियम नव्हता. त्यांचं वय झालं होतं म्हणे.

त्या वर्षी मुलगी आईच्या डोहात गळ टाकून उभी राहिली. माशी नियमाप्रमाणे, सगळ्या वेढ्यांची. पाण्यात ती भिजल्या केरसुणीसारखी पडून राहिली. म्हातारे काठावर चटया टाकून सुका मासा चघळत बसले होते.

"आमच्या वेळी," एक म्हणाला, "दोरी टाकायचा अवकाश, मासा उडी मारून टोपलीत यायचा!"

"तुमच्या वेळी वेढे किती होते, आजोबा?" मुलीने विचारलं.

आजोबांनी सुक्या माशाचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. ऊन कलत चाललं होतं. हा डोह गेला की तो खडकही जाणार होता.

मुलीने दोरी ओढून घेतली आणि नखाने वेढे सोडवायला सुरुवात केली.

"अगं ए कार्टे! तो माझ्या वडिलांच्या नावाचा आहे!"

"त्यांना भूक लागत नाही, आजोबा. आम्हाला लागते."

एकच वेढा उरला तेव्हा तिने पीस ओठांनी ओलं केलं. तिला पिसाची ती जुनी, किंचित तुरट चव लागली आणि डोळे भरून आले. तिने माशी प्रवाहात सोडून दिली. पीस हललं. पाण्याखाली काहीतरी चमकलं आणि दोरी ताठ झाली.

मासा हातभर लांब होता. म्हातारे उठून उभे राहिले. सगळ्यात थोरला पुढे आला. त्याचा आवाज एकदम गोड झाला होता.

"पोरी, तुझ्या आईची करामत ही. बाईमाणसाच्या नावाने वेढा नसतो, पण आम्ही रीत मोडू. उद्यापासून प्रत्येक माशीवर तिच्याही नावाचा वेढा चढेल."

आईचं नाव कुणीतरी घ्यावं, म्हणून मुलगी इतकी वर्षं झुरली होती. तिने खडकाकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "आईच्या नावाने एक वेढा उतरवा."

"एकच?"

"आज एक. उद्या आणखी एक. माशी हलायला लागली की थांबा."

ज्या घरांनी वेढे उतरवले, त्यांच्या चुलींवर पुन्हा मासा शिजू लागला. काही म्हातारे मात्र अजून कुंचा पाण्यात बुडवून 'आमच्या वेळी' म्हणत बसलेत. त्यांच्या टोपल्या रिकाम्याच आहेत.

तात्पर्य एवढंच: गेलेल्यांची आठवण त्यांच्या हातासारखा हात चालवण्यात असते. त्यांच्या नावाचं ओझं गळाला बांधलं, तर उपाशी राहतात ते जिवंतच.