जीव चाळीस

"...मग त्या गुहेत मी आज का जायचं नाही, उस्ताद?"

शार्दूल कोळेकरचा आवाज चढला होता. मिरजेत दस्तगीर उस्तादांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात असा आवाज कुणी काढत नाही. पण गडी इंजिनिअर, त्यात तीन महिने एकच जुनी कॅसेट खेळून शेवटच्या गुहेपर्यंत पोचलेला. मग काय विचारता!

उस्ताद एका रिमोटची तुटलेली वायर जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "तलवार किती?"

"नव्व्याण्णव. याच्या वर आकडाच नाही."

"आणि जीव?"

शार्दूल हसला. "चाळीस. पहिल्या दिवशी होता तेवढाच. तीन महिन्यांत माझ्या वीराला एकाही शत्रूचा हात लागलेला नाही!"

या गेममध्ये सरसकट लेव्हल वाढत नाही. जे वापराल तेवढंच वाढतं. तलवार चालवली की तलवार, पळालात की पाय. जीव वाढतो तो फक्त मार खाऊन; लढाई जिंकली की वाढतो आणि पुन्हा पूर्ण भरतो. आणि वीर मेला की सेव्ह पुसली जाते, कायमची.

"गुहेतला राक्षस एका फटक्यात किती काढतो?"

"शंभर, म्हणतात. पण माझा वार आधी पडेल."

"नाही पडला तर?"

उस्तादांनी शार्दूलच्या चालू गेमचा रिमोट घेतला. वीराचं चिलखत उतरवलं, ढाल काढली. त्याला पहिल्या गावाबाहेरच्या दलदलीत नेलं. समोर एक बेडूक आला.

उस्तादांनी रिमोट जमिनीवर ठेवला.

"अहो, मारा ना!"

बेडूक चावला. एकतीस.

बावीस.

"उस्ताद! तीन महिने गेलेत माझे त्यात!" शार्दूल रिमोटकडं झेपावला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड म्हणजे सांडशी.

तेरा.

चार.

"आता मार." उस्तादांनी मनगट सोडलं.

शार्दूलला बटण सापडेना. दोनदा भलतंच दाबलं. तिसऱ्यांदा बेडूक मेला.

जीव त्रेपन्न.

"पुन्हा," उस्ताद म्हणाले.

सकाळपासून दुपारी चारपर्यंत तेच. दर खेपेला वीर मरणाच्या दारात जायचा, दर खेपेला शार्दूलच्या तोंडचं पाणी पळायचं. जेवायलाही उठला नाही. जीव तीनशेवर गेला.

मग उस्तादांनी वीराला चिलखत चढवलं, ढाल दिली. गुहेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं आणि रिमोट शार्दूलच्या मांडीवर ठेवला.

त्यानं हात लावला नाही.

"नको उस्ताद... आज नको."

"का रे?"

"भीती वाटते हो. सकाळी वाटत नव्हती. आता वाटतं, हा खरंच मरेल."

उस्तादांनी आपलं स्टूल त्याच्या शेजारी ओढलं.

"मग आता जा."