शेवटच्या घराखालचं पाणी

"…मग दार उघडणार की नाही, माय?"

मठाची गादी उमामायकडे. सुपातले तांदूळ निवडत होती ती. एक खडा हाताला लागला, तो तिने नेमका प्रल्हादच्या बुटांवर भिरकावला.

प्रल्हाद ओशाळला. बूट घालूनच मठात शिरला होता तो. गुपचूप बाहेर गेला, अनवाणी परत आला. हातातला तांब्याचा कलश मात्र त्याने खाली ठेवला नाही.

प्रल्हाद खरमाटे म्हणजे आता साधा माणूस नव्हता. कमळजा नदी शुद्ध करायची सरकारी योजना आली, तिचा कार्यकारी अभियंता. मागेपुढे जीप, हाताखाली माणसं. पण आईबाप गेल्यावर वाढला तो ह्याच मठात, मायच्या हातचा भात खाऊन. त्यामुळे बाहेर साहेब आणि आत आला की पल्हाद.

मठाला नदीच्या अंगाला एक दार होतं. नदी काळी पडली तेव्हा मायने ते लावून घेतलं आणि आतून ओंडका टेकवला. तेव्हापासून गावात बोलणं पडलं होतं, माय दार उघडेल तेव्हा नदी निवळली म्हणायची.

उद्या सकाळी मंत्री यायचे होते. घाटाचं लोकार्पण. मंडप उभा राहिला होता, आणि कार्यक्रमपत्रिकेत नारळ फोडण्याच्या लगेच खाली छापून आलं होतं, 'मठाचे नदीद्वार उघडणे'. मायला न विचारता. छापणाऱ्यांना विचारायची सवय कुठे असते!

"वासाचा आता प्रश्न नाही, माय. वासानेच बंद केलं होतंस ना दार?"

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव म्हणतं."

"गावाला काय, तोंड आहे." मायने सूप झटकलं. "आपली तोंडं तिला दिसू नयेत म्हणून लावलं मी ते."

प्रल्हादने कलश या हातातून त्या हातात घेतला. मोजून, तपासून, टप्पे पाडून काम करणारा माणूस तो. असलं बोलणं त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नसे.

त्याने कलश पुढे केला.

"हे बघ तरी. आज सकाळी भरलंय. माझ्या हाताने."

इथे त्याचा आवाज जरा हलला. त्याला कारण होतं. मायकडून मंत्र घ्यावा ही त्याची जुनी आस. गावच्या दूधवाल्याला मायने मंत्र दिला, एसटीच्या ड्रायव्हरला दिला, दारू सोडून आलेल्या एका गवंड्याला तर मागायच्या आधी दिला. प्रल्हादला म्हणाली होती, "तुझ्या हातचं नदीचं पाणी देवाला चाललं, की देईन." त्या एका वाक्यासाठी त्याने शहरातली नोकरी सोडून ही योजना मागून घेतली होती. गटारात गळ्यापर्यंत उतरला होता. कामचुकार माणूस नव्हता तो, एवढं त्याचं त्याला दिलं पाहिजे.

माय कलशात डोकावली.

"तळ दिसतो."

"दिसणारच! मागच्याच आठवड्यात प्रयोगशाळेतून तपासून घेतलंय. अंघोळीला चालेल असा दाखला आहे."

"देवाला अंघोळच घालायची आहे."

प्रल्हादचा चेहरा उजळला. जिंकलो, असं वाटलं त्याला.

"कुठं भरलंस म्हणालास?"

"नव्या घाटावर."

"आणि मठाचा रिवाज?"

त्याचा चेहरा पडला.

बाकी सगळीकडे देवाचं पाणी गावाच्या वरून आणतात, कुणाचा हात लागायच्या आत. ह्या मठाचं उलट होतं. इथल्या महादेवाचं पाणी गावातल्या शेवटच्या घराच्या खालून भरायचं, आणि घागरीला पहिला हात त्या घराने लावायचा. तो त्यांचा मान. असं का, ते मठ स्थापणाऱ्या आद्य बुवांनी सांगितलं नाही आणि पुढे कुणी विचारलं नाही. लहानपणी प्रल्हाद स्वतः ती घागर वाहायचा. तेव्हा शेवटचं घर म्हणजे ठकू कोळणीचं खोपट.

"तो रिवाज तेव्हाचा, माय. तेव्हा खालचं पाणीसुद्धा पाणी होतं."

"आणि आता काय आहे?"

…

आधी वास आला, मग ठकू कोळीण आली. डोक्यावर देवाची घागर, पदर नाकाला.

"साहेब आलेत व्हय! मला वाटलं, आता पेपरातच ऱ्हाता."

"बऱ्या आहात ना, मावशी?"

"माझं काय वाईट हाय? माझी चूल व्हती तिथं आता कारंजं उडतंय. रंगीत. परवा नातवंडांना घिऊन गेले बघायला. म्हनलं, बघा रं, इथं मी भाकऱ्या थापायची."

"पक्कं घर दिलंय की तुम्हाला. माळेवाडीच्या वळणावर."

"दिलंय, न्हाई कोन म्हनतं? चांगल्या खिडक्या बी हायेत." ठकूने घागर उतरवली. "उघडायच्या न्हाईत, येवढंच."

मायने प्रल्हादकडे पाहिलं. "का रे?"

प्रल्हादने सांगायला सुरुवात केली, शांतपणे, सभेत सांगतात तसं. गावातले सगळे नाले अडवले. एका मोठ्या नळात घेतले. नळ काठाकाठाने नेला. शुद्धीकरण केंद्राचं काम चालू आहे, ते होईपर्यंत तात्पुरतं…

"तात्पुरतं कुठं सोडलंस?"

"गावाबाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"खाली… वळणाच्या जरा वर."

"म्हणजे हिच्या घराच्या वर."

"दुसऱ्या टप्प्यात ते सगळं…"

"हिचं घर तिथं कुणी नेलं?"

"ते पुनर्वसनवाल्यांनी."

"आणि नळ?"

"तो आमच्याकडे."

"तुमची एकमेकांशी गाठ पडत नाही वाटतं कधी."

ठकू फिसकन हसली. प्रल्हाद चिडला. चिडला आणि त्याच क्षणी गोंधळलाही. बोललेला एक शब्द खोटा नव्हता. घाटावरचं पाणी खरंच निवळलं होतं, पोरं पुन्हा पोहायला लागली होती. मग हा आपण चोरी पकडल्यासारखा घाम का पुसतोय?

मायने ठकूची घागर उचलली. कुणाला हात लावू दिला नाही. गाभाऱ्यात गेली आणि ते काळं पाणी तिने धार धरून महादेवाच्या पिंडीवर ओतलं.

"माय! देवावर… हे?"

"त्याला कळायला नको?" ती आतूनच म्हणाली. "सगळं गाव त्याला गोडच दाखवतं."

प्रल्हाद कलश धरून तसाच उभा. बाहेर मंडपवाल्यांचा भोंगा वाजत होता, एक दोन तीन, एक दोन तीन.

"मग माझं पाणी काय करू?" शेवटी त्याने विचारलं. रडवेला झाला होता. एवढा मोठा माणूस.

"वाया नाही घालवणार. पाट घे. बस तिथं, मोरीपाशी."

तो बसला. मायने कलश घेतला, पदर खोचला, आणि खाली बसून त्याचे पाय धुवायला लागली.

प्रल्हाद ताडकन उठायला गेला. गुरूने शिष्याचे पाय धुवायचे? पण तिने घोटा असा आवळला होता, की हलता येईना.

"पाप लागेल मला, माय! काय करतेस!"

"साहेब आहेस. पाहुणा आलास. बस गप."

बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांतून तिने चोळून चोळून माती काढली. लहानपणी काढायची तशीच. ठकूने तोंडाला पदर लावला, पण आता ती हसत नव्हती. कलशातलं पाणी संपलं. गढूळ ओघळ मोरीतून नदीकडच्या दाराखालच्या फटीत शिरला आणि दिसेनासा झाला.

"पाय स्वच्छ झाले?"

"…झाले."

"पाणी कुठं गेलं?"

"बाहेर," तो म्हणाला. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"बाहेर," माय म्हणाली. "बाहेर म्हणजे कुठं रे?"

…

तिने रिकामा कलश त्याच्या हातात दिला.

"जा. रिवाजाने घेऊन ये. शेवटच्या घराच्या खालून. दिवेलागणीपर्यंत ये."

प्रल्हाद जीपमध्ये बसला. ठकूलाही घेतलं, तिला घरी जायचंच होतं. ती पुढच्या सीटवर ऐसपैस बसली आणि वाटेत भेटेल त्याला हात करत राहिली.

वळण आलं. नळाचं तोंड आलं. प्रल्हादने काच वर केली, मग ठकूकडे पाहिलं आणि पुन्हा खाली केली.

"चला मावशी, तुमच्या घराखाली भरू. पहिला हात लावा."

"मी कशी लावू?" ठकू म्हणाली. "माझं घर आता शेवटचं कुठं ऱ्हायलंय? खाली वीटभट्टीवाले आलेत. मागल्या म्हयन्यापास्नं त्यांचाच मान. मी आपली त्यांना इचारून पानी भरते."

तो भट्टीवर गेला. एक बाई चिखल तुडवत होती. म्हणाली, आमच्या खाली मेंढरंवाले उतरलेत, त्यांची पोरं ह्याच पाण्यात असतात. मेंढरंवाला म्हणाला, आम्ही आज हितं उद्या तिथं, आमचं कसलं घर? पण खाली मळ्यात एक वस्ती आहे. मळ्यातला माणूस म्हैस धूत होता. त्याने कलश पाहिला आणि आधी नमस्कार केला.

"शेवटचं घर? न्हाई ओ साहेब. खाली अख्खी सांगवी हाय की."

सांगवीच्या वेशीवर एक म्हातारा ओट्यावर बसला होता. प्रल्हादने त्यालाही तेच विचारलं.

"शेवटचं?" म्हातारा रागावला. "डोळे आहेत का? गावचं पहिलं घर आहे हे!"

प्रल्हाद नदीत उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. कलश बुडवायला वाकला, आणि थांबला. पुन्हा वाकला, पुन्हा थांबला. पाणी त्याच्या पायांमधून पुढे चाललं होतं. कुठे, ते त्याला नकाशावर दाखवता आलं असतं. तिथे उभं राहून मात्र काही सांगता येईना.

फोन वाजला. वरचे साहेब.

"खरमाटे, दाराचं पक्कं ना?"

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही म्हणजे? छापून झालंय!"

"सर… नदीचं शेवटचं घर कुठे असतं?"



"खरमाटे, तब्येत बरी आहे ना तुमची?"

दिवेलागणीला तो मठात परतला. पँट मांडीपर्यंत ओली. बूट बाहेर काढायचं या वेळी लक्षात होतं. माय समईत तेल घालत होती. मान वर न करताच म्हणाली,

"भरलास?"

"नाही."

"का?"

"जिथे वाकलो तिथे कुणीतरी म्हणालं, आमच्या खाली आहेत अजून." तो भिंतीला टेकून बसला. "मला काही कळत नाही, माय. खरंच कळत नाही. चूक केली म्हणावं, तर घाटावरचं पाणी निवळलंय. नाही केली म्हणावं, तर…" त्याने पँटचं ओलं टोक पिळलं. "उद्या मंत्र्यांना काय सांगू, तेही कळत नाही."

मायने कलश घेतला. उलटा करून हातावर आपटला. थेंब पडला नाही.

"रिकामाच आणलास."

"हो."

"येता येता घाटावर भरता आला असता. मला म्हातारीला काय कळणार होतं?"

प्रल्हादने तिच्याकडे पाहिलं. मग कलशाकडे. घाटावरूनच तर आला होता तो, दिव्यांच्या त्या झगमगाटातून.

"…सुचलंच नाही."

 मायने वात पुढे सारली, हात पदराला पुसले.

"सरक, जवळ ये."

तो सरकला.  पलीकडे नदीकडचं दार होतं, ओंडका तसाच टेकलेला, खालच्या फटीपाशी पाय धुतलेल्या पाण्याचा मातकट डाग.

"माय… आणि दार?"

"दाराचं दार बघून घेईल. तू कान इकडं कर."