डोहाच्या तळाशी तक्रार

सकाळची वेळ. नदीकाठच्या जंगलात, करंजाच्या झाडाखाली, काठावरचे सगळे ससे गोळा झाले होते. मधोमध एक मुंगूस मान खाली घालून बसलं होतं. मुलांनो, अडल्यावेळी सगळा काठ ज्याच्याकडे सल्ल्याला जाई, तेच हे मुंगूस. आज त्याला कुणाकडे वर बघवत नव्हतं.

झालं होतं ते असं. उन्हाळ्यात काठावरचं गवत करपलं, पण नदीतल्या बेटावर हिरवी हरळी होती. म्हणून सशांनी बोलणी करायला मुंगसाला पाणमांजरांकडे धाडलं. पाणमांजरांनी सशांची पिल्लं ओंडक्यावर बसवून बेटावर न्यायची आणि नदी चढण्याआधी परत आणायची. बदल्यात सशांनी काठावरची उबदार वाळू त्यांना सोडायची, असं ठरलं. मग पुढ्यात मासे आले. तेव्हा म्हातारं पाणमांजर सहज बोलल्यासारखं म्हणालं, "आणि हो, कधी तंटा झालाच, तर तो डोहाच्या तळाशी, आमच्या रिवाजाने मिटायचा." हा रिवाज तरी कोणता, हे मुंगसाच्या अगदी ओठांवर आलं. पण एवढ्या पाहुणचारात अडाणी कसं दिसायचं? "असू दे हो, असल्या अटी असायच्याच," असं म्हणून त्याने माशाला तोंड लावलं.

काल नदी गढूळ होऊन चढू लागली. पाणमांजरांनी घाईघाईने पिल्लं आणली, पण एक झुडपात निजलेलं राहून गेलं. "ओंडका पुन्हा न्या हो!" सशीण काकुळतीला आली. म्हातारं पाणमांजर वाळूवर लोळत म्हणालं, "आमची फेरी झाली. पटत नसेल तर तक्रार करा की! आम्ही कुठे नको म्हणतो? या, तळाशी या."

काठावर तंटा झाला की करंजाखाली दोन्ही बाजू दिवस मावळेपर्यंत ऐकून घेत. पण इथे काठाचं काही चालणार नव्हतं. मुंगसाने डोळे मिटून डोहात उडी घेतली, पाठोपाठ म्हातारं पाणमांजरही उतरलं. तळाशी एक वाम मासा न्यायाला बसला होता. मुंगसाने तोंड उघडलं, तर नुसते बुडबुडे निघाले आणि नाकातोंडात पाणी गेलं. ते धडपडत वर आलं. मागोमाग पाणमांजराने डोकं काढलं. "निकाल लागला! श्वासासाठी जो आधी वर जातो, त्याने तक्रार मागे घेतली, असा आमचा रिवाज आहे."

"हा कसला न्याय? तुम्ही पाण्यातले, आम्ही जमिनीवरचे!" मुंगूस खोकत ओरडलं.

"हे तेव्हा बोलायचं होतं, मुंगूसराव. मासे मात्र झकास होते ना?" आणि सगळी पाणमांजरं खिदळली.

आता करंजाखाली सशीण मुंगसासमोर येऊन उभी राहिली. "दादा, ती अट तुमच्या कानांवर आली होती?"

"आली होती."

"मग विचारलं का नाहीत?"

"लाज वाटली," मुंगूस पुटपुटलं.

"तुमची लाज राहिली, दादा. माझं पिल्लू तिकडे राहिलं."

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मुंगसाला झालं.

वाळू अजून पाणमांजरांकडेच आहे. पिल्लू बेटावर, उंचवट्यावर बसलेलं काठावरून दिसतं. पाणी हरळीपर्यंत चढलं आहे. त्याला आणायचं कुणी, हे ना करंजाखाली कुणी सांगितलं, ना डोहात.

तात्पर्य : परक्या मुलखाशी करार करताना काय मिळणार एवढंच पाहू नये, बिनसलं तर दाद कुठे आणि कुणाच्या कायद्याने मागायची, हे न लाजता आधी विचारावं. जिथे आपल्याला तोंडही उघडता येत नाही, तिथला न्याय कबूल करू नये.