शनिवारची माफी

"पण माताजी, त्यात खोटं काय होतं? गाडी बंद पडत होती, हे तर खरंच होतं ना?"

ऋजुमती माताजी चालत राहिल्या.

चार हात पुढची जमीन पाहत, अनवाणी, हातात मोरपिसांची पिच्छी. शिरोळच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर धडधडत येत होते. प्रत्येक ट्रॅक्टरला त्या कडेला उभं राहून वाट देत होत्या, आणि पुन्हा तेच पाऊल, तीच चाल. एका गावाहून दुसऱ्या गावी विहार करताना त्या बोलत नसत. पायाखाली एखादा जीव येईल, नजर हटायला नको म्हणून.

श्रेणिक खोतला हे ठाऊक होतं. तरी त्याला राहवत नव्हतं.

जैन दीक्षा घेण्याआधी त्या जयसिंगपूरच्या शाळेतल्या कुसुमबाई होत्या. गणित शिकवायच्या. श्रेणिक त्यांचा लाडका विद्यार्थी. फळ्यावर गणित लिहून व्हायच्या आत उत्तर ओरडून मोकळा होणारा. आता तो पुण्यातल्या एका मोटार कंपनीचा जाहिरातप्रमुख होता. वयाची पन्नाशी जवळ आली होती. पण बाईंच्या मागून चालताना त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले होते.

शेतातल्या विहिरीच्या एका मोटरघरापाशी माताजी थांबल्या. पिच्छीनं जमीन हलकेच झाडली आणि बसल्या. बरोबरच्या श्राविका जरा दूर सावलीला गेल्या.

"आता बोल," माताजी म्हणाल्या. "पहिल्यापासून."

श्रेणिकनं सांगायला सुरुवात केली.

त्याच्या कंपनीची गाडी 'भरारी'. समोरच्या कंपनीची 'नक्षत्र'. दोन्ही एकाच वर्षी बाजारात आल्या. किंमत जवळपास सारखी, आणि खरं सांगायचं तर गाड्याही सारख्याच. म्हणूनच भांडण मोठं.

नक्षत्रवाल्यांनी पुण्यात भर चौकात आपली गाडी क्रेनला टांगली. खाली अक्षरं, 'आकाशातून आलेली.' येणारा-जाणारा मान वर करून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणिकनं थोडं अंतर ठेवून, पण फोटोत बरोबर तिच्याखाली दिसेल अशी एक भरारी आणून उभी केली. टपावर पाटी लावली, 'आमची रस्त्यावर धावते.'

सगळ्या वर्तमानपत्रांनी फोटो छापला. मालकांनी त्याला मिठी मारली.

"हे छान होतं," माताजी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "पुढे?"

श्रेणिकचा आवाज खाली आला.

पुढे भूपाल मगदूम सर.

शिरोळच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. जाड काळा चष्मा, डोक्याला पांढरी टोपी. आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली, ती नक्षत्र. महिन्यात तीनदा बंद पडली. शोरूमवाले दाद देईनात. एका मेकॅनिककडून श्रेणिकला हे समजलं आणि तो स्वतः सरांच्या घरी गेला. ग्राहक चळवळीत काम करतो, असं सांगितलं. नाव सांगितलं पाटील. सरांच्या बायकोनं केलेले पोहे खाल्ले आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारखेच गप्प बसले, तर या कंपन्यांना जाब कोण विचारणार?"

सर तीन दिवस नाही म्हणत होते. चौथ्या दिवशी हो म्हणाले.

जयसिंगपूरच्या बाजारातून वरात निघाली. पुढे हलगी, मागे बँड, मधे नक्षत्र, आणि तिला जुंपलेली दोन गाढवं. स्टिअरिंगवर सर. कपाळाला गुलाल. ताठ बसले होते. आपण न्यायाचं काहीतरी करतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दोन दिवसांत ती चित्रफीत देशभर गेली.

नक्षत्रवाल्यांनी पंधरा दिवसांत उत्तर दिलं. सरांच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत पाणी सापडलं, असं त्यांनी जाहीर केलं. बँड कुणी ठरवला होता, तेही शोधून काढलं. मग टीव्हीवर जाहिरात झळकली. स्टिअरिंगवर एक गाढव बसलंय, नाकावर जाड काळा चष्मा, डोक्याला पांढरी टोपी. खाली एकच ओळ, 'गाडी हुशार आहे. चालवणारा?'

लोक पोट धरून हसले.

"मीही हसलो होतो, माताजी. मानलं बुवा, असं म्हणालो होतो ऑफिसात."

"गाड्यांचं काय झालं?"

"दोन्हींचा खप वाढला."

"आणि सरांचं?"



"वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकांवरून मुलं ओरडायची... गाढवासारखी. गावात बोलायला लागले, मास्तर विकला गेला, दुसऱ्या कंपनीकडून पैसे खाल्ले. निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी नोकरी सोडली."

"तू काय केलंस?"

"मला त्या वर्षीचं जाहिरातीचं पारितोषिक मिळालं."

...

"दोन वर्षं झाली," माताजी म्हणाल्या. "मग आजच का आलास?"

"मुलीमुळे. ती जाहिरातीचं शिकतेय. त्यांच्या वर्गात दोन्ही दाखवल्या, आमची वरात आणि त्यांचं गाढव. चांगल्या कामाचा नमुना म्हणून. घरी येऊन तिनं विचारलं, बाबा, ते सर आता काय करतात?" तो थांबला. "मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी एकदाही चौकशी केली नव्हती. मघाशी सांगितलं ते सगळं त्यानंतर कळलं."

माताजींनी पिच्छी मांडीवर आडवी ठेवली.

"म्हणून माफी मागायचीय. येत्या शनिवारी. त्याच बाजारात. मांडव घालू, तोच बँड बोलावू, नवी कोरी भरारी सरांना भेट देऊ. मी सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरीन. आपण आशीर्वादाचे दोन शब्द बोललात तर..."

"शनिवारीच का?"



"नक्षत्रवाले सोमवारी माफी मागणार आहेत."

उसाची पाती सळसळली. एक ट्रॅक्टर धूळ उडवत गेला.

माताजी हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी वळून मागे पाहिलं. पन्नास पावलांवर एक पांढरी भरारी उभी होती. सकाळपासून ती त्यांच्या मागून रांगत येत होती. खिडकीतून कॅमेरा बाहेर आला होता.

"तो कोण?"

"आमचा कॅमेरामन. म्हणजे... नुसतं आठवण म्हणून..."

माताजी उठल्या. जमीन न्याहाळत, एकेक पाऊल टाकत गाडीपर्यंत गेल्या. कॅमेरामन पोट सुटलेला, टक्कल पडलेला गृहस्थ होता. त्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यानं गडबडून कॅमेरा मांडीवर ठेवला.

माताजींनी हात जोडले.

"सकाळपासून तुम्हाला माझ्या चालीनं गाडी हाकावी लागली. उन्हात ताटकळलात. मला क्षमा करा."

तो दार उघडून खाली उतरला आणि हात जोडून नुसता उभा राहिला.

माताजी परत आल्या.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

पण त्या चालायला लागल्या होत्या. म्हणजे आता बोलणं नाही.

श्रेणिकनं गाडीकडे पाहिलं. कॅमेरामन अजून हात जोडून उभा होता; त्या माफीला ना मांडव लागला होता, ना बँड. मग त्यानं कॅमेरामनला गाडी घेऊन पुण्याला परत जायला सांगितलं आणि एकटाच शिरोळच्या वाटेला लागला.

मगदूम सर अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. अंगानं वाळून गेले होते. टोपी नव्हती. चष्माही बदलला होता. बारीक सोनेरी काड्यांचा, त्यांच्या चेहऱ्याला मुळीच न शोभणारा.

श्रेणिकनं आत येऊन अंगणाचं दार लोटून घेतलं.

"या, पाटील," सर म्हणाले.

"माझं नाव पाटील नाही, सर."

"माहीत आहे. खोत. पण माझ्याकडे तुम्ही पाटील म्हणून आला होता."

श्रेणिक जमिनीवरच बसला. त्यानं सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. शनिवारचं सांगितलं, सोमवारचंही सांगितलं. मग वाकून सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

सरांनी पाय मागे घेतले नाहीत. शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"उठा," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला मी केव्हाच क्षमा केलीय. पर्युषण संपलं की सगळ्यांना करतो, त्यात तुमचंही नाव घेतो. ते माझं काम होतं. झालं."

श्रेणिकच्या छातीवरचं ओझं उतरलं. क्षणभरच.

"पण खोत, येताना तुम्ही दार का लावलंत?"

श्रेणिकनं दाराकडे पाहिलं. आपण ते कधी लावलं, हेही त्याला आठवत नव्हतं.

"वरात निघाली, तेव्हा अख्खा बाजार होता," सर म्हणाले. आवाज शांत होता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. "आज तुम्ही आणि मी. मी त्यात एक पैसा घेतला नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला नाही. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा नाही. तो विचारत नाही. म्हणून मी सांगत नाही. दोन वर्षं आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो."

"मग शनिवारी मी सगळ्यांसमोर..."

"बँड लावून?"

श्रेणिकनं एक टरफल उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"त्या बाजारात मी पुन्हा उभा राहणार नाही," सर म्हणाले. "तुमच्या बाजूनं नाही आणि त्यांच्याही बाजूनं नाही."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. श्रेणिकला वाटलं, आता ते काही बाहेर येत नाहीत. पण ते आले. हातात पोह्यांची बशी होती.

"बायको लेकीकडे गेलीय. मीच केलेत, मीठ कमी असेल. खा, उपाशी आला असाल."

त्यानं घास तोंडात घातला. मीठ कमीच होतं.

दुपारी तो गावातल्या जैन मंदिरात आला; माताजी तिथं उतरल्या होत्या. वाटेत त्यानं पुण्याला फोन केला होता. शनिवारचं रद्द, असं सांगितलं. तिकडून मालकांचा आवाज चढला, "म्हणजे सोमवारी मैदान त्यांनाच मोकळं? तू शुद्धीवर आहेस का?" तो म्हणाला, "सरांना नको आहे." मालक म्हणाले, "मग आम्हालाही तू नको आहेस." फोन बंद झाला. वीस वर्षांची नोकरी. श्रेणिकला आश्चर्य वाटलं, की त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. डोळ्यांसमोरून तो सोनेरी काड्यांचा चष्मा हलत नव्हता.

माताजी दुपारचं ध्यान आटोपून सभागृहात बसल्या होत्या. उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता.

"वंदामि, माताजी."

त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला.

"गेलो होतो. सरांनी क्षमा केली."

"मग चेहरा असा का?"

"काहीच निस्तरलं नाही, माताजी. माफी मिळाली ती मला. त्यांच्या पदरात काय पडलं? बदनामी होती तिथंच आहे." त्याचा आवाज फाटला. "बँड लावून माफी मागावी, तर तो तमाशा. दार लावून मागावी, तर ती चोरी. मी वस्तू माणसांसमोर मांडून ठेवण्यात आयुष्य घालवलं. आणि आज एक साधी खरी गोष्ट माणसांसमोर कशी ठेवायची, ते मला समजत नाही."

...

बाहेर कुणीतरी रहाटानं पाणी शेंदत होतं.

"ती वरात लोकांनी कुठं पाहिली?" माताजींनी विचारलं.

"मोबाइलवर. टीव्हीवर."

"सगळे एका जागी जमले होते?"

"छे. ज्यानं त्यानं. आपापल्या घरी बसून."

"मग घरोघरी जा," माताजी म्हणाल्या. "ज्याचं त्याला सांग. गाढवं माझी होती. बँड माझा होता. मगदूम सरांनी काही घेतलं नव्हतं. मी श्रेणिक खोत."

श्रेणिकला हसू येणार होतं. पण त्यानं माताजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ते ओठांतच राहिलं. गणित घालून झाल्यावर त्या वर्गाकडे पाहायच्या, तशाच पाहत होत्या.

"माताजी..." तो कसाबसा म्हणाला. "लाखो लोकांनी पाहिलंय ते. माझं सगळं आयुष्य गेलं तरी पुरायचं नाही."

माताजींनी पिच्छी उचलली आणि उठल्या.

"मग इथं बसून राहू नकोस."